पाय धुण्याचा गुरुवार

डॉक्टरांनी मला पायांकडे लक्ष द्यायला सांगितलं आहे. साखरेचा आजार झालेल्या माणसानं रोज पाय धुवावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, टाचेला भेग पडली का ते बघावं, असं त्यांनी फार गंभीरपणे बजावलं. मी मान हलवली. खरी अडचण त्यांना कशी सांगणार? माझे पाय मला दिसत नाहीत, कारण मधे मी येते. पोट नावाची जी टेकडी गेल्या काही वर्षांत उभी राहिली आहे, तिच्या पलीकडचा मुलूख कागदोपत्री माझा असला तरी कारभार बघायला तिकडं जाणं होत नाही. लेकीनं वाढदिवसाला पाय शेकायचं एक प्लॅस्टिकचं यंत्र आणलं होतं. त्यात आता कांदे आहेत.

हे डॉक्टरांनी नेमकं मार्च सरताना सांगावं, हा योगायोग. या दिवसांत पेणला दुपारी खाडीकडून वारा सुटतो, आणि तो आला की ओठ खारट लागतात. मिठागरांच्या बांधांवर मिठाच्या राशी चढलेल्या असतात. गच्च्यांवर पापड वाळत असतात. गणपतीच्या कारखान्यांबाहेर रंग न दिलेल्या मूर्ती उन्हात मांडून ठेवलेल्या असतात. सगळं गाव पांढरंफटक दिसतं. लोकांना हे दिवस परीक्षांचे, नाहीतर आंब्याची वाट बघण्याचे. मला त्यात एक पितळी परात दिसते, आणि तिच्याभोवती बसलेली माणसं.

माझे वडील मेनोनाइट पाळक होते. हे वाक्य मी आयुष्यभर म्हणत आले आणि आयुष्यभर पुढचा प्रश्न ऐकत आले, की म्हणजे काय? शाळेत बाईंना सांगितलं, तर त्यांनी हजेरीपटात सोयीनं 'कॅथलिक' लिहून टाकलं. मेनोनाइट म्हणजे हातात शस्त्र धरायचं नाही, शपथ घ्यायची नाही, कोर्टाची पायरी चढायची नाही, आणि तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा द्यायचा नाही. माणूस मोठा झाला, त्याला स्वतःला वाटलं, त्यानं तोंडानं मागितला, तरच द्यायचा. दुसऱ्याच्या वतीनं कोणी मागायचा नाही. आईबापांनीसुद्धा. पप्पांची सगळी धर्मविद्या या एका गोष्टीवर उभी होती. "बात अशी आहे," ते म्हणायचे, "देव पण दार वाजवतो, तोडत नाही."

पप्पा मूळचे छत्तीसगडचे. त्यांच्या आजोबांना दुष्काळात मिशनच्या अनाथालयानं वाढवलं होतं. पप्पांना तरुणपणी इकडं पेण-रोह्याला पाठवलं गेलं, आणि पाठवणारे बहुधा विसरून गेले. इथं त्यांनी कासूच्या मिठागरवाल्यांच्या घरातली मुलगी केली, म्हणजे आमची आई. मराठी तिच्याकडून शिकले आणि ती आयुष्यभर हिंदीच्या वळणानं बोलत राहिले. रविवारी सकाळी पेणची उपासना, मग शटल पकडून दुपारी रोह्याची. प्रवचन एकच. पण गाडी नागोठण्याला थांबली की त्यांना हटकून एखादा नवा मुद्दा सुचायचा, त्यामुळे रोह्याच्या मंडळींना तेच प्रवचन जास्त लांब मिळायचं. अधल्यामधल्या दिवशी सायकलवर गागोद्याकडं, खारेपाटात, कुठं कोण आजारी आहे तिथं. शेतकरी त्यांचं सगळं ऐकून घेत, चहा पाजत, कॅरिअरला वालाची पिशवी बांधून देत. बाप्तिस्मा कोणी मागत नसे. पप्पांना त्याचं दुःख नव्हतं. आईला वालाचा आनंद होता.

पेणची आमची उपासना एका गणपती कारखान्याच्या मागच्या खोलीत भरे. मालक भला माणूस. पप्पांना तो 'पाद्रीबाबा' म्हणे आणि आत येताना चपला बाहेर काढे. हंगाम चढला की त्याची जागा पुरेनाशी होई, आणि मग आमच्या भिंतीलगत, माळ्यावर, खिडकीत मूर्ती येऊन बसत. प्रार्थनेला सगळे डोळे मिटायचे, मी उघडे ठेवायची. डोळ्यांची आखणी शेवटी करतात, त्यामुळे गणपतींनाही अजून डोळे नसत. एवढ्या मोठ्या खोलीत बघणारी मी एकटीच.

ईस्टरच्या आधीच्या, दुःखसहनाच्या सप्ताहातल्या गुरुवारी प्रभुभोजन असे, आणि त्याआधी पाय धुणं. पुरुष पुरुषांचे धुवायचे, बायका बायकांचे. शेजारी बसलेल्याचे पाय परातीत घ्यायचे, पाणी घालायचं, पंच्यानं पुसायचे, आणि उठून म्हणायचं, "शांती." पप्पा माणसं पायांवरून ओळखत. मिठागरातल्या माणसाच्या टाचा दगडासारख्या, कंपनीतल्या माणसाचे पाय गमबुटात भिजून पांढरे पडलेले. पण त्याहून महत्त्वाचं काम आदल्या रविवारी, रोह्याची मंडळीही पेणला आली की होई. पाळकानं बाकाबाकाशी जाऊन प्रत्येक सभासदाला विचारायचं, "तुझी सगळ्यांशी शांती आहे?" त्यानं सांगायचं, "आहे." एकानं जरी 'नाही' म्हटलं, तर प्रभुभोजनाचं मेज मांडायचं नाही. कुणासाठीच नाही. त्याचं मिटेपर्यंत भाकर आणि द्राक्षरस तसाच राहणार.

अर्थात 'नाही' कोणी म्हणत नसे. शेवग्याच्या झाडावरून दिवाळीपासून न बोलणाऱ्या दोन जावा एकाच बाकावर बसून "आहे, आहे" म्हणायच्या, गुरुवारी एकमेकींचे पाय धुवायच्या आणि शुक्रवारपासून पुन्हा न बोलायच्या. मला विचारतच नसत, कारण मी बाप्तिस्मा मागितला नव्हता. मागितला की उपासनेत झोपता येणार नाही, अशी माझी समजूत होती.

माझ्या थोरल्या भावानंही मागितला नव्हता. दानी. बावीस वर्षांचा झाला होता. पप्पांनी त्याला कधी टोकलं नाही. मागेल तेव्हा, म्हणायचे. दानी पप्पांच्या मराठीची इतकी हुबेहूब नक्कल करायचा, की आई स्वयंपाकघरातून "अहो, जेवायला या" म्हणून हाक मारायची आणि हा पुढं जाऊन बसायचा.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. रोह्याच्या पुढं कोकण रेल्वेचं काम जोरात चाललं होतं, आणि जो तो म्हणत होता की आता इथं नोकऱ्याच नोकऱ्या. रोह्याच्या मंडळीत शांतवनमामा म्हणून एक होते. सख्खे मामा नव्हेत, पण तसेच. एका लहानशा केमिकल कंपनीत ते शिफ्टचे सुपरवायझर होते. पप्पांनी त्यांच्याकडं शब्द टाकला आणि दानी तिथं कंत्राटी कामाला लागला. संध्याकाळी येऊन पायरीवर बसायचा, गमबूट काढायचा. पाय पांढरे, सुरकुतलेले. आई खोबरेल घेऊन बसायची. तो म्हणायचा, "मला त्या गुरुवारी सुट्टी द्या पाळकसाहेब, माझे पाय कंपनीच धुते."

शिमग्याच्या थोडं आधी तो कंपनीत एक टाकी साफ करायला आत उतरला आणि वर आला नाही. आत गॅस होता.

रोह्याच्या दवाखान्यात पप्पांबरोबर मी गेले होते. आई घरी होती. तिला फक्त लागलं आहे एवढंच सांगितलं होतं. आतल्या खोलीत चादर घातलेली होती. ओळख पटवायला सांगितलं तेव्हा पप्पा डोक्याच्या बाजूला गेलेच नाहीत. त्यांनी चादर पायाकडून उचलली. बघितलं, परत घातली, आणि कडा नीट सारखी केली, जशी थंडीच्या दिवसांत करायचे.

बाहेर पोलीस बसले होते. कोणाविरुद्ध काही तक्रार आहे का, असं त्यांनी विचारलं. शांतवनमामा भिंतीला टेकून उभे होते, हातात टोपी. पप्पा त्यांच्याकडं बघून म्हणाले, "आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही. आमच्या घराकडून माफी आहे." पोलिसानं मान वर केली. त्याला असलं ऐकायची सवय नसावी. मग त्यानं पप्पांसाठी चहा मागवला. तो चहा पप्पा प्याले. मला अजूनही कळत नाही की कसे प्याले. नको म्हटलं तर त्याला वाईट वाटेल, असं काहीतरी असणार. आमच्या घरात असल्याच गोष्टींवर निर्णय होत.

आईला हे कळलं ते मातीच्या दिवशी. मुंबईहून आलेल्या कुणा बाईनं तिचे हात धरून म्हटलं, काय मोठं मन हो तुम्हा दोघांचं, दवाखान्यातच माफ करून मोकळे झालात. आई तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं पप्पांकडं बघितलं. ते खड्ड्याच्या कडेला उभे राहून छत्तीसगडी हिंदीत प्रार्थना करत होते. फार आतून आलं की त्यांची मराठी संपायची.

त्यानंतरचे दिवस मला वस्तूंवरून आठवतात. खोबरेलची बाटली फळीवर तशीच. उंबऱ्याबाहेर गमबुटांची जागा रिकामी, तरी सगळे तिला वळसा घालून जात. माझी परीक्षा होती. मी पुस्तक उघडून त्याच पानावर बसून असायची, आणि पुढं त्या विषयात नापास झाले तेव्हा कोणी रागावलंसुद्धा नाही, याचंच मला रडू आलं. वरच्या मजल्यावरच्या सारामावशी रोज दुपारी खाली यायच्या. त्या शनवार तेल्यांपैकी, मराठी ज्यू. मुलं केव्हाच इस्रायलला गेलेली, ह्या एकट्या उरलेल्या. त्या सांत्वन वगैरे करत नसत. आईसमोर पोळपाट घेऊन बसायच्या आणि दोघी मुक्यानं पापड लाटायच्या.

मग शांती विचारायचा रविवार आला. पप्पांनी नेहमीप्रमाणे बाकांशी येऊन विचारायला घरच्यांपासून सुरुवात केली. आईसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, तुझी सगळ्यांशी शांती आहे?" उपासनेत सगळ्या बायका ताई, बायकोसुद्धा.

आई म्हणाली, "माझी नाय."

माळ्यावरून कुठंतरी प्लास्टरचा तुकडा पडला. कोणाशी, हे चारचौघांत विचारायची रीत नाही. पाळकानं नंतर घरी जाऊन बोलायचं असतं. पाळकाला या वेळी फार लांब जायचं नव्हतं. सगळ्यांनी रोह्याच्या बाकाकडं बघितलं. शांतवनमामांनी मान खाली घातली, आणि त्यांच्या बायकोनं, सुमनमामींनी, पदर तोंडाला लावला. पप्पांनी पुस्तक मिटलं. या वर्षी मेज मांडता येणार नाही, म्हणाले, आणि पुढचं गाणं कितवं ते सांगायचं विसरून खाली बसले.

तो आठवडा आमच्या घरी माणसांची रीघ. ईस्टरला मेज नाही म्हणजे लोक काय म्हणतील. पाळकाच्याच बायकोनं असं केलं तर बाकीच्यांनी काय करावं. मनात असू दे पण तोंडानं 'आहे' म्हणून टाक, आम्ही नाही का म्हणत. हे शेवटचं शेवग्यावाल्या जावांपैकी एकीनं सांगितलं. आई सगळ्यांना चहा देत होती. सारामावशी पापड लाटता लाटता एवढंच म्हणाल्या, की आमच्यात मोठ्या उपासाच्या आधी ज्याचं वाईट केलंय त्याच्या दारात स्वतः जावं लागतं. देव मधे पडत नाय.

एका दुपारी पप्पा मागच्या दारात आले. आई वाल निवडत होती, मी आत पुस्तकासमोर. शांतवनला बोलावू का, तो पाया पडायला तयार आहे, असं पप्पांनी विचारलं.

"शांतवनचं काय घेऊन बसलात," आई म्हणाली. "माझं तुमच्याशी हाय."

पप्पांनी चपला काढल्या.

"पोरगं बावीस वर्साचं झालं, तुमी त्याला बाप्तिस्मा दिला नाय. का, तर त्यानं मागितला नाय. दुसऱ्याच्या वतीनं काय मागायचं नाय न काय द्यायचं नाय, हे तुमीच शिकवलंत मला. मंग माझ्या वतीनं माफी कशी देऊन आलात?" तिचे हात वालात चालूच होते. "आनि कशाची दिलीत? आत काय झालं, ते तरी इचारलंत कोणाला?"

मग पप्पा म्हणाले, "नहीं पूछा." आणि तिथंच उंबऱ्यावर बसले.

त्या गुरुवारी मंडळी जमली, पण पाय धुणं नव्हतं. भाकर नव्हती, प्याला नव्हता. परात कोपऱ्यात उभी करून ठेवलेली. पप्पांनी प्रवचन केलं नाही. उभे राहून म्हणाले, की माझं एक काम करायचं राहून गेलं, ते आज करतो. मग शांतवनमामांकडं वळले आणि विचारलं, "शांतवन, त्या दिवशी काय झालं?"

शांतवनमामा उभे राहिले. त्यांनी जे सांगितलं ते पुष्कळ अडखळत सांगितलं. टाकी धुऊन दोन दिवस उघडी ठेवायची असते, ती ठेवली नव्हती. वरून घाई होती. तोंडाला लावायचा मास्क कपाटात होता, कपाटाला कुलूप, किल्लीवाला जेवायला गेलेला. दानीनं विचारलं होतं, मामा, मास्क येऊ द्यायचा का? हे सांगताना ते थांबले. सुमनमामी खाली बघून पदराला चुण्या घालत होत्या. त्यांनीही हे पहिल्यांदाच ऐकलं असावं.

"मी बोललो, पाच मिन्टाचं काम हाय, उतर." शांतवनमामा म्हणाले. "तो हसला. बोलला, बात अशी आहे, उतरतो. तुमच्यासारखं बोलून दाखवलं. नि उतरला."

भिंतीलगतच्या पांढऱ्या मूर्तींना अजून डोळे नव्हते. माझे होते, आणि मी ते पहिल्यांदाच घट्ट मिटून घेतले.

उघडले तेव्हा आई उठली होती. "ऐकलं," एवढंच म्हणाली. कोपऱ्यातली परात उचलली, बादलीतलं पाणी घेतलं, आणि बायकांच्या बाजूला सुमनमामींच्या पुढ्यात जाऊन बसली. मामी पाय मागं घेऊ लागल्या. आईनं घोट्याला धरून पुढं ओढले, जसे दानीचे ओढायची. पाणी घातलं, पुसले. "शांती" म्हणाली. ते तिनं मामींना म्हटलं आणि मान वर करून मामांनाही.

पप्पा पुढं आले. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, झालं, आता मिटलं. त्यांनी हळूच विचारलं, "आता आहे?"

"त्यांच्याशी हाय," आई म्हणाली. पंचा पिळला आणि दोरीवर टाकला.

त्या वर्षी मेज मांडलं नाही. शांतवनमामा पुढच्याच आठवड्यात पोलिसांकडं जाऊन हेच सगळं सांगून आले. चौकशी झाली म्हणतात. वरचे वर राहिले, मामांची नोकरी गेली. नंतर ते खाडीवर एका मिठागरात देखरेखीला लागले. आई दर हंगामात त्यांच्याकडं वाल पाठवायची, आणि ते मीठ पाठवायचे. पप्पांनी बाकी सगळं काम चालू ठेवलं, सायकल, शटल, आजारी माणसं, नागोठण्याचा नवा मुद्दा. फक्त प्रभुभोजन ते देईनासे झाले. रोह्याच्या मंडळीतले एक म्हातारे वडीलधारे ते देत, आणि पप्पा मागच्या बाकावर, बाप्तिस्मा न घेतलेल्यांच्या रांगेत, माझ्याशेजारी बसत. तिची ज्याच्याशी शांती नाही तो माणूस मीच आहे, तर मी मेजापासून दूर राहतो, तुम्ही घ्या, अशी त्यांनी मंडळीची समजूत घातली होती. नियमात हे बसत होतं की नाही, कोण जाणे. कोणी वाद घातला नाही.

दर वर्षी त्या रविवारी ते आईपासूनच सुरुवात करत. "ताई, शांती आहे?" आई म्हणे, "नाय." मग घरी येऊन त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळत असे. गरम भाकरी वाढत असे. भांडण असं नव्हतंच. शेजारच्या घरात बायका नवऱ्यांना शिव्या घालत आणि शांतीनं नांदत. आमच्याकडं उलटं होतं.

दशक संपता संपता पप्पा गेले. रविवारीच, रोह्याला जाताना, शटलमध्ये. कासूपर्यंत समोरच्या माणसाशी बोलत होते म्हणे. नागोठण्याला गाडी थांबली आणि या खेपेला मुद्दा सुचला नाही. घरी आणल्यावर आईनं त्यांना स्वतः धुतलं. पायांना पुष्कळ वेळ लावला. मी शेजारी पाणी घेऊन उभी होते. ती 'शांती' म्हणते का, याच्याकडं माझा कान होता. ती काही बोलली नाही.

आता ती ऐंशीच्या पुढं आहे आणि माझ्याकडं असते. काल दुपारी मी डॉक्टरांचा हुकूम पाळायचा म्हणून स्टुलावर बसून वाकायचा प्रयत्न करत होते. तो प्रकार तिनं आतून थोडा वेळ बघितला असावा. मग माळ्यावरची परात काढायला लावली, नातीकडून पाणी घेतलं, आणि भिंतीला धरून माझ्यासमोर खाली बसली. मी नको नको म्हणत होते. "गप गो," म्हणाली, "तुला दिसत तरी हाईत का?"

खाडीचा वारा सुटला होता. तिनं माझा पाय परातीत घेतला. तिची बोटं माझ्या बेचक्यांतून फिरत होती आणि मी, दोन मुलांची आई, पन्नाशी उलटलेली, मला काय सुचावं? मी पप्पांच्या आवाजात विचारलं, दानीइतकं हुबेहूब नाही जमलं, पण विचारलं, "ताई, शांती आहे?"

ती हसली नाही. पाणी घालत राहिली.

"दर वर्साला इचारायचे, शांती हाय का," ती म्हणाली. "माफ कर, असं एकदा पन नाय बोलले."

"त्यांना वाटलं असेल, तुझ्यावर जबरदस्ती होईल."

"व्हय. तसंच वाटलं असंल."

"मागितली असती तर दिली असतीस?"

तिनं पंचा उलगडला, माझी टाच त्यात घेतली, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं तशी एकेका बोटाची बेचकी कोरडी केली.

"मागितल्याबिगर कशी देऊ?" ती म्हणाली. "दुसरा पाय आन."